छेद लहान झाला, पिशवीचे काय?

बिदरहून मुंबईकडे निघालेली रेल्वेगाडी भालकी मागे टाकून उदगीरला येते. देवणी तालुक्यातील रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी मुंबई गाठायची तर उदगीर हेच सोयीचे स्थानक. रात्रभराच्या त्या प्रवासात ज्या कर्करुग्णाच्या पोटावर पिशवी आहे, त्याची काळजी इतर रुग्णांहून निराळी असते. शस्त्रक्रियेची धास्ती त्यालाही असतेच. पण त्याआधी भय वाटते ते डब्यातील कोरड्या नळाचे, स्वच्छतागृहापुढील रांगेचे आणि शेजारच्या प्रवाशाला वास येईल याचे.

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगावरील उपचार गेल्या तीन दशकांत पुष्कळ सौम्य झाले. वीतभर लांबीच्या छेदाऐवजी चार-पाच छिद्रांतून शस्त्रक्रिया होऊ लागली. यकृतातील लहान गाठ सुई घालून जाळता येऊ लागली. रुग्णालयातील मुक्काम घटला. परंतु ज्यांना स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेला शौचमार्ग, घेऊन जगावे लागते त्यांच्यापुढील प्रश्न छेद लहान झाल्याने सुटलेला नाही. छेदाची खूण काही आठवड्यांत पुसट होते. पिशवी रोज सांभाळावी लागते. शस्त्रक्रिया शहरात होते आणि पिशवी गावात बदलावी लागते, हे अंतर वैद्यकाने अद्याप पुरेसे मनावर घेतलेले नाही.

स्टोमा म्हणजे काय?

आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला शिवले की त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचे तोंड काढले तर ती कोलोस्टोमी; ती बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला, खाली असते आणि तिच्यातून येणारा मल बराचसा घट्ट असतो. लहान आतड्याचे तोंड काढले तर ती इलिओस्टोमी; ती बहुधा उजवीकडे असते आणि तिच्यातून पातळ, पाचकरसयुक्त द्रव दिवसभर वाहत राहतो. कोलोस्टोमी असलेल्याची पंचाईत वासाची आणि वायूची असते. इलिओस्टोमी असलेल्याला त्वचा सोलवटण्याची आणि शरीरातील पाणी कमी होण्याची भीती असते. दोघांना मिळून एकच सल्ला देणे चुकीचे ठरते ते यासाठी.

निरोगी स्टोमा ओठांच्या आतल्या बाजूसारखा लाल व ओलसर दिसतो. त्यात वेदनेची जाणीव नसते. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो काळपट वा जांभळा पडला, अथवा काही तास त्यातून काहीच न येता पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गुदाशयाच्या कर्करोगासाठी पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी करावयाची मोठी शस्त्रक्रिया लंडनचे शल्यविशारद विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात गुदद्वार कायमचे बंद होई आणि रुग्णाला जन्मभराचा स्टोमा मिळे. पुढची अनेक दशके गुदाशयाचा कर्करोग म्हणजे कायमची पिशवी असेच समीकरण होते. १९८२ मध्ये इंग्लंडचे रिचर्ड जॉन हील्ड, ज्यांना वैद्यकविश्व बिल हील्ड म्हणून ओळखते, यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण घटले. आतडी जोडणारी स्टेपलर यंत्रे आली आणि अनेकांचे गुदद्वार वाचू लागले. अशा रुग्णांना खालचा जोड भरून येईपर्यंत तात्पुरती इलिओस्टोमी दिली जाते. ती काही आठवड्यांनी, केमोथेरपी चालू असल्यास काही महिन्यांनी, बंद करतात. तात्पुरती म्हणून काढलेली इलिओस्टोमी काहींच्या बाबतीत कायमची होऊन बसते, हेही शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले गेले पाहिजे.

पिशवीचा इतिहास मात्र शल्यविशारदांनी घडवला नाही. डेन्मार्कमधील परिचारिका एलिझ सोरेन्सन हिच्या बहिणीला स्टोमा झाला होता आणि ती लाजेने घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिझने त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. आजच्या साऱ्या पिशव्यांचे मूळ तिथे आहे.

दुर्बिणीने काय साधले?

डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील ती पहिली अशी शस्त्रक्रिया मानली जाते. महापालिका व सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या कष्टकऱ्याला लवकर कामावर जाता यावे, म्हणून दुर्बीण श्रीमंतांपेक्षा गरिबाला अधिक उपयोगी, असा त्यांचा आग्रह होता. कर्करोगाच्या बाबतीत मात्र शल्यविशारद बराच काळ साशंक राहिले. लहान छिद्रांतून रोग पूर्णपणे निघेल का, छिद्रांच्या जागी तो पुन्हा उगवेल का, असे प्रश्न होते.

त्याचे उत्तर २००४ मध्ये अमेरिकेतील ८७२ रुग्णांच्या अभ्यासाने दिले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तीन वर्षांनी रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडून केलेल्या गटात १८ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. गुदाशयासाठी २०१५ मध्ये युरोपप्रमुख अभ्यासाने १,०४४ रुग्णांत तोच निष्कर्ष काढला. ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांनी मात्र सावधगिरीचा इशारा दिला. काढलेल्या भागाच्या तपासणीत दुर्बीण कमी पडत नाही, असे त्यांना सिद्ध करता आले नाही. रोबोच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेची जाहिरात अलीकडे फार होते. २०१७ च्या ४७१ रुग्णांच्या अभ्यासात ऐनवेळी पोट उघडण्याची पाळी रोबोच्या गटात ८.१ टक्के, तर साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के रुग्णांवर आली आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रोबो नाही म्हणून उपचार दुय्यम, असे समजून कर्ज काढण्याची गरज नाही.

दुर्बिणीमुळे दुखणे कमी होते, आतडे लवकर काम करू लागते, जखमेचा त्रास आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याचा धोका कमी राहतो. स्टोमा असलेल्याला त्याचा आणखी एक लाभ आहे. पोटाच्या मध्यभागी लांब जखम नसली की पिशवीची चकती सपाट, कोरड्या त्वचेवर बसते. जखमेतील पाझर चकतीखाली जाऊन ती सुटण्याचा त्रास वाचतो. पण गुदाशय अगदी खालपर्यंत काढावा लागणार असेल, तर स्टोमा टाळणे दुर्बिणीच्या हाती नसते. गाठ गुदद्वाराच्या स्नायूपासून किती अंतरावर आहे, यावरच ते ठरते. ‘दुर्बिणीने करणार आहेत, म्हणजे पिशवी लागणार नाही’, असे नातेवाईकांना वाटते. हा गैरसमज रुग्णाला फार महागात पडतो.

जागा कोण ठरवते?

स्टोमा कोठे काढायचा, ही खूण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पोटावर शाईने करतात. ही दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट पुढील सारे आयुष्य ठरवते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकवून पोट पाहावे लागते. झोपलेल्या माणसाच्या सपाट पोटावर उत्तम वाटणारी जागा बसताच घडीत जाते आणि चकती सुटते. जागा पोटाच्या उभ्या स्नायूतून जाणारी, हाडापासून, बेंबीपासून आणि जुन्या व्रणांपासून दूर असावी लागते. मुख्य म्हणजे ती रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात येथे पॅंटच्या पट्ट्याचा उल्लेख असतो. देवणी, निलंगा, उदगीर भागातील रुग्णाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. धोतर कोठे बांधता? कमरेला करदोडा आहे का? नऊवारीचा कासोटा आणि निऱ्या कोठे येतात? जेवायला मांडी घालून बसता का? देवणी हे नाव गाई-बैलांच्या ज्या प्रसिद्ध जातीमुळे सर्वत्र पोचले, त्या गाईची धार उकिडवे बसून काढावी लागते. त्या वेळी मांडी पोटावर दाबते आणि चुकीच्या जागी असलेला स्टोमा तिच्याखाली सापडतो. खुरपणी, सोयाबीनची काढणी, डोक्यावरचा भारा ही कामे रुग्ण पुन्हा करणार आहे का, हेही विचारले पाहिजे. कारण जड ओझ्याने स्टोमाभोवती हर्निया होतो. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे दोन-तीन महिने वजन उचलायचे नाही आणि पुढेही उचलताना आधाराचा रुंद पट्टा बांधायचा, हे सांगणे सोपे असले तरी काढणीच्या दिवसांत शेतमजुराला पाळणे अवघड असते.

हे प्रश्न रुग्णाकडून कढवून घेण्याचे काम स्टोमा परिचारिकेचे. या प्रशिक्षित परिचारिकांचा पेशा अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९५८ मध्ये सुरू झाला. नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी असलेल्या बाईंना शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी या कामाला लावले. मुंबईत परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने या शाखेचे प्रशिक्षण भारतात रुजवले. मोठ्या शहरांबाहेर मात्र अशी परिचारिका विरळाच. तालुक्याच्या ठिकाणी तातडीने स्टोमा काढावा लागतो तेव्हा खूण करायला कोणी नसते. रात्री आतडे अडकलेल्या रुग्णाचा जीव वाचवणे हे अर्थातच पहिले काम. त्यामुळे येथे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आधीच ठरलेल्या शस्त्रक्रियेत खुणेविना रुग्ण टेबलावर गेला, तर त्याचे समर्थन करता येत नाही. रुग्णाने वा नातेवाइकाने ‘जागेची खूण केली का’, एवढा एकच प्रश्न आदल्या दिवशी विचारावा.

पिशवी असताना दुसरा उपचार

गुदाशयाचा कर्करोग एकदा निघाला तरी काही रुग्णांत तो पुढे यकृतात किंवा फुप्फुसात उद्भवतो. पूर्वी याचा अर्थ बहुधा आशा संपली असा घेत. आता मोजक्या आणि लहान गाठी काढता येतात किंवा जाळता येतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहत त्वचेतून सुई थेट गाठीत घालायची आणि रेडिओलहरींनी वा मायक्रोवेव्हने टोक तापवून गाठ नष्ट करायची, ही ती पद्धत. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत असेल तर यश चांगले मिळते. नेदरलँड्समधील सुमारे ३०० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा लहान गाठींत जाळण्याची पद्धत शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली आणि तिच्यात गुंतागुंत कमी होती. रुग्ण अनेकदा एक-दोन दिवसांत घरी जातो.

हे करणारा डॉक्टर यकृताचा तज्ज्ञ असतो, स्टोमाचा असेलच असे नाही. म्हणून काही गोष्टी रुग्णालाच बोलून दाखवाव्या लागतात. उपचाराच्या सकाळी नवी, पारदर्शक पिशवी लावावी. भूल देण्याआधी ती रिकामी करावी. सुईची जागा आणि पिशवी यांच्यामध्ये जलरोधक चिकटपट्टी लावून निर्जंतुक भाग वेगळा राखतात. फुप्फुसासाठी कधी पालथे झोपवावे लागते. तेव्हा स्टोमावर दाब येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा ठेवायला सांगावे. रेडिओलहरींच्या उपचारात मांडीवर विद्युत पट्ट्या लावतात; गळलेला द्रव त्यांच्याखाली जाता कामा नये.

दुर्बिणीने दुसरी शस्त्रक्रिया होणार असेल तर निराळा विचार लागतो. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असू शकतात. म्हणून पहिले छिद्र नेहमीप्रमाणे बेंबीजवळ न घेता जुन्या व्रणापासून आणि स्टोमापासून दूर घेतले जाते. चिकटलेली आतडी सोडवता सोडवता पोट उघडण्याची वेळ येऊ शकते. तसे झाले तर तो शस्त्रक्रियेचा पराभव नव्हे. रुग्णाला याची कल्पना आधी दिलेली असावी इतकेच.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे उपाशी राहणे. भुलेसाठी रुग्णाला उपाशी ठेवतात. त्यात शस्त्रक्रियेची वेळ पुढे ढकलली जाते. इलिओस्टोमीतून रोज साधारण अर्धा ते एक लिटर द्रव एरवीही बाहेर जात असतो. अशा रुग्णाला इतरांइतकेच ताटकळत ठेवले तर त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. सलाइन लवकर सुरू करायला सांगण्यात संकोच नसावा. आतडे साफ करण्याचे जुलाबही सरसकट सर्वांना देतात. इलिओस्टोमी असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गुदद्वार बंद केलेल्या रुग्णाला गुदमार्गे औषध देता येत नाही, हेही नवख्या वॉर्डात सांगावे लागते. उरलेल्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी मात्र व्हायलाच हवी. ती स्टोमाच्या तोंडातून होते. पिशवी आहे म्हणून ती टाळणारे रुग्ण आहेत.

केमोथेरपीच्या काळात पिशवीशी झुंज वाढते. ऑक्झालिप्लाटिन या औषधाने बोटे बधिर होतात आणि चकतीचे भोक कात्रीने नेमके कापणे जमत नाही. कॅपेसिटाबीनच्या गोळ्यांनी तळहात सोलवटतात. काही औषधांनी जुलाब लागतात आणि इलिओस्टोमी दुथडी वाहू लागते. या दिवसांत घरातील आणखी एका माणसाला पिशवी बदलता आली पाहिजे. गोळी तशीच्या तशी पिशवीत पडलेली दिसली तर डॉक्टरांना कळवावे. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टोमीत पुष्कळदा शोषल्या जाण्याआधीच बाहेर पडतात.

पाणी, ऊन आणि हुरडा

लातूरने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले. ज्या जिल्ह्यात पाण्याची अशी आठवण आहे, तेथे स्टोमाचा हिशेब पाण्यापासूनच सुरू होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी; दर वेळी ती आतून धुवायलाच हवी असे नाही. तळाचे तोंड कागदाने पुसले तरी भागते. चकती साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलतात. त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. डेटॉल, स्पिरिट, तेलकट साबण, खोबरेल यांपैकी काहीही लावायचे नाही. शेवटच्या दोहोंनी चकती चिकटतच नाही. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत असतो, त्यामुळे भोकाचे माप पुन्हा पुन्हा घ्यावे आणि ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवावे.

डाव्या बाजूची कायमची कोलोस्टोमी असलेल्यांना आणखी एक मार्ग आहे: स्टोमातून अर्धा ते एक लिटर कोमट पाणी सोडून आतडे एकदम साफ करायचे. तासभर वेळ जातो, पण पुढचे चोवीस तास, कधी त्याहून अधिक, पोट स्वस्थ राहते आणि पिशवीचा खर्च वाचतो. हे पाणी पिण्याच्या पाण्याइतके शुद्ध हवे. टँकरच्या दिवसांत ते रोज मिळेल का, हे घरच्यांनीच ठरवावे. इलिओस्टोमीत ही पद्धत वापरत नाहीत. केमोथेरपी किंवा किरणोपचार चालू असतानाही बहुधा थांबवतात.

मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. घामाने चकती लवकर सुटते. पिशव्यांचा साठा पत्र्याखालच्या खोलीत ठेवला तर चिकटद्रव्य वितळून जाते. इलिओस्टोमी असलेल्याने तहान भागवण्यासाठी नुसते पाणी ढोसत राहणे उपयोगाचे नाही, उलट त्याने द्रव आणखी वाहतो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण, किंवा ओआरएस, घोटघोट घ्यावे. मीठ घातलेले ताकही चालते. दिवसाला दीड लिटरहून जास्त द्रव जाऊ लागला, लघवी कमी झाली, पायांत गोळे येऊ लागले तर रुग्णालयात जावे. निर्जळी उपवास अशा माणसाने करू नये. कोलोस्टोमी असलेल्याला उपवासाची तेवढी धास्ती नाही.

खाण्याची पथ्ये वाजवीपेक्षा जास्त सांगितली जातात. ज्वारीची भाकरी, वरण, भाज्या सर्व काही हळूहळू परत सुरू करता येते. इलिओस्टोमीत पहिले काही आठवडे कच्चे शेंगदाणे, खोबरे, मक्याचे दाणे आणि न चावता गिळलेला हुरडा टाळावा, कारण हे पदार्थ तोंडाशी अडकतात.

पैसा आणि आधार

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार येतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. दाखल होताना आरोग्यमित्राला भेटून घरी लागणाऱ्या पिशव्यांचे काय, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया एकदाच होते, पिशवी महिन्यामागून महिना लागते. कुटुंबाचे कंबरडे बहुधा या दुसऱ्या खर्चाने मोडते. मग एकच पिशवी पंधरा-पंधरा दिवस वापरणे, प्लास्टिकची साधी पिशवी कापडाने बांधणे असले उपाय सुरू होतात आणि त्वचा जखमी होते.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदवलेल्या २१ प्रकारांत स्टोमाचा उल्लेख नाही. रेल्वेने मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती बंद केल्या तेव्हा रुग्णांचे ११ प्रवर्ग वगळले; त्यांत कर्करुग्ण आणि स्टोमाधारक दोघेही आहेत. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान वर्गात भाडे पडत नाही. स्टोमाधारकांची स्वतंत्र सवलत मात्र मासिक आणि त्रैमासिक पासांसाठी आहे. लोकलने रोज कामावर जाणाऱ्या मुंबईकराला तिचा उपयोग होईल. देवणीच्या शेतकऱ्याला पासाचे काय करायचे, हा प्रश्नच आहे.

प्रत्येक वेळी मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि विवेकानंद रुग्णालय आहे; छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, तर बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीतच १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. मुंबईत १९७० च्या दशकापासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमाधारकांची संस्था काम करते. पिशवी लावून वर्षानुवर्षे नोकरी-धंदा करणारा माणूस नव्या रुग्णासमोर आणून बसवणे, ही अशा संस्थांची खरी मदत.

मुंबईहून परतताना सोबत घ्यायच्या वस्तू थोड्या आहेत: ठरलेल्या दिवसांपेक्षा दुप्पट पिशव्या, आधीच मापाने कापून ठेवलेल्या दोन चकत्या, कागदी रुमाल, पाण्याची वेगळी बाटली, ओआरएसच्या पुड्या आणि कचऱ्यासाठी काळ्या पिशव्या. डिस्चार्ज कार्डावर स्टोमाचा प्रकार, त्याचे मिलिमीटरमधील माप आणि पिशवीचा क्रमांक लिहून घ्यावा. उदगीर किंवा लातूरच्या औषध दुकानातून तीच पिशवी मागवायची असेल तर दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो.